खोलीत ठेवायची कॅसेट

१

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या बोळीत कडूबाचं कॅसेटचं दुकान होतं. एक लाकडी काउंटर, दोन टेप डेक, भिंतभर कॅसेटी आणि दारावर पाटी: 'गाणी भरून मिळतील.' गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं, कोरी कॅसेट ठेवून जायचं आणि संध्याकाळी भरलेली घेऊन जायचं. कडूबा चौथीपर्यंत शिकलेला. चिठ्ठी वाचायला त्याला वेळ लागायचा, पण गाणं नुसतं सुरू झालं की ते कोणतं हे तो हातातलं काम न थांबवता सांगायचा.

दुकानाच्या मागे घर. एक खोली, तिच्यात सुंभाची बाज, आणि पलीकडे स्वयंपाकघर. दुपारी एकला कडूबा शटर अर्धं ओढायचा, भाकरी खायचा आणि पुन्हा दुकानात येऊन खुर्चीत पेंगायचा. बायको झुंबरबाई आत बाजेवर आडवी व्हायची. कडूबाने आत झोपायचं नाही, असा तिचा कायदा होता.

"तुमच्या घोरण्यानं पत्रे हलत्यात," ती म्हणायची. "दुकानात घोरा. चोर तरी पळतील."

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात झुंबरबाईला ताप आला. नऊ दिवसांनी उतरला, पण जाताना तिची झोप घेऊन गेला. रात्री नाही, दुपारी नाही. डॉक्टरच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, डोळा लागायचा नाही.

"बरंच झालं," ती हसायची. "कामं किती व्हत्यात बघा. डबे घासून घासून पातळ झाले."

पण दीड महिन्यात तीही डब्यासारखीच पातळ झाली. आमटीत दोनदा मीठ पडायचं. एका सकाळी ती तापल्या तव्यावर हात टेकून उभी राहिली आणि वास येईपर्यंत तिला कळलंच नाही. कडूबाने हाताला मलम लावलं. लावताना ती त्याचीच समजूत घालत होती. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर ही बाई पावसाळा काढणार नाही.

२

त्याच आठवड्यात अजमत आला. बदनापूरचे इब्राहीमभाई लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे, त्यांचा हा मुलगा. दहा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत की-बोर्ड वाजवून परत आला होता. हातात एकच कॅसेट.

"कडूबा चाचा, वीस कॉप्या पाह्यजेत. माझा अल्बम आहे."

कडूबाने कॅसेट लावली. आधी काहीच नाही. मग लांबून कुठून तरी एक सूर आला आणि नुसता उभा राहिला. पाणी तापत ठेवल्यावर भांडं बारीक गुणगुणतं, तसा.

"थांब रे. हेड खराब झालंय." कडूबाने कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. पुन्हा तेच. "पट्टा ढिला झाला असंल."

"चाचा, डेक बराबर आहे. गाणंच असं आहे."

"सुरू कधी व्हतं?"

"सुरू झालं ना."

"आन् गाणारा?"

"गाणारा न्हाई."

"ताल?"

"ताल बी न्हाई. बाजा अब्बांचा, बाकी सगळं मशीन."

तेवढ्यात सॅक्सोफोन आला. हेच इब्राहीमभाई वरातीत वाजवताना घोडी बिथरायची. इथे त्यांचा बाजा कुणाला उठवायचं नाही अशा बेताने आला, थोडं बोलला, थांबला, मग भलत्याच वाटेने वळून पुन्हा बोलला.

"ह्याला जॅझ म्हणतात," अजमत म्हणाला. "एकानं विचारायचं, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. आणि दोघांनी बी घाई करायची न्हाई."

"मंग जवाब कुठंय? तुझा बाप तर विचारूनच राह्यला."

"जवाबाची जागा मी रिकामी सोडली. हे ऐकायचं न्हाई, चाचा. खोलीत ठेवायचं. उदबत्ती लावतो ना आपण, तसं."

कडूबा हसणारच होता, पण त्याला आतली शांतता जाणवली. मघापासून भांडं वाजलं नव्हतं. त्याने उठून पडदा सारला. झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सुपात शेंगा, चिमटीत एक फोडायची राहिलेली, आणि तोंड उघडं. ती घोरत होती.

"काकू झोपल्या?" अजमतने विचारलं.

कडूबाने ओठांवर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"मुंबईत दुकानदार म्हणले, ह्यानं झोप येते," अजमत पुटपुटला. "म्हणून कुणीच घेतली न्हाई. खूश झालेले तुम्ही पहिलेच."

वीस कॉप्या झाल्या. एकविसावी कडूबाने स्वतःसाठी भरली. अजमत एक कॉपी बदनापूरला अब्बांकडे ठेवून, मूळ कॅसेट घेऊन पुन्हा मुंबईला गेला.

३

मग चांगले दिवस आले. जेवणं झाली की कडूबा आतल्या खोलीच्या कोनाड्यातल्या जुन्या टेपवर कॅसेट लावायचा आणि दुकानात येऊन बसायचा. पाच मिनिटांत आतून घोरणं ऐकू यायचं. चारला झुंबरबाई चहा घेऊन बाहेर यायची. एका गालावर सुंभाचे वळ, आणि बोलायला नवा जोर.

"काय ओ, गिऱ्हाईक न्हाई म्हणून दाढी न्हाई, का दाढी न्हाई म्हणून गिऱ्हाईक न्हाई?"

तिच्या हाताला पुन्हा चव आली, आणि दुपारच्या झोपेच्या आधाराने रात्रीची झोपही थोडी थोडी परतली.

रोज वाजून वाजून कॅसेटची पट्टी ताणली गेली. एका दुपारी टेपने ती खाल्लीच. कडूबाने पेन्सिलीने गुंडाळून, चुरगळलेली पट्टी नखाने सरळ करून ती कशीबशी वाचवली आणि लगेच दुसऱ्या कोऱ्या कॅसेटवर उतरवायला घेतली. कानाला हेडफोन लावले. भरताना ऐकलं नाही तर त्याला चैन पडायचं नाही.

इब्राहीमभाईंचा बाजा एक वाक्य बोलून थांबला. त्या रिकाम्या जागेत, फार लांब, कुणीतरी चालल्यासारखं वाटलं. चार पावलं. मग बाजा पुन्हा सुरू झाला.

कडूबाने हेडफोन काढले. बोळीत कुणी नव्हतं. समोरच्या ओट्यावर शेळी बसून रवंथ करत होती. बाहेरचा आवाज वायरीतून कॅसेटवर जात नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने जुनी कॅसेट तिथवर मागे नेऊन ऐकली. तिच्यात पावलं नव्हती. नवीवर ऐकली. होती.

पट्टी घट्ट गुंडाळली गेली की एका वेढ्याचा आवाज दुसऱ्यावर उमटतो, असं त्याने अनेकदा पाहिलं होतं. तसंच काहीतरी झालं असेल. झुंबरबाईला झोप लागली ना, मग झालं.

४

दिवाळीनंतर दुसरी कॅसेटही थकली. कडूबाने तिच्यावरून तिसरी भरायला घेतली. या वेळी त्याने सगळी काळजी घेतली. शटर पूर्ण खाली ओढलं, पंखा बंद केला. आपल्याच पायांचा आवाज नको म्हणून दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली. झुंबरबाई चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"कुठल्या देवाला बसलाय?"

"काम करून राह्यलो. बोलू नको."

"बिलकुल न्हाई बोलत. प्रसाद ठेवून जाते." तिने कपबशी ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसत आत गेली.

बाजा थांबला. पावलं आली. आता ती लांब नव्हती. अनवाणी होती, शहाबादी फरशीवर पडत होती. टाच आधी, मग तळवा. घाई नाही. बाजा बोलायचा तेव्हा ती थांबायची, बाजा थांबला की चालायची. कडूबा मांडी घालून ऐकत राहिला. वीस-बावीस पावलं झाली. मग एक फरशी वाजली. 'खळ्ळ.'

ही फरशी त्याला माहीत होती. दुकानातून आतल्या खोलीत जाताना उंबऱ्याच्या अलीकडची, कोपऱ्यात निसटलेली. तीन वर्षं झुंबरबाई गवंडी बोलवा म्हणत होती.

त्याने हेडफोन काढले आणि पाय जमिनीला न लावता मान वळवून त्या फरशीकडे पाहिलं. नुसती फरशी होती. आत झुंबरबाई डबे लावताना गुणगुणत होती. सगळ्या जालन्यात शहाबादी फरशा आहेत, कडूबा मनाशी म्हणाला, आणि निम्म्या तरी निसटलेल्या असतील. त्याला हे बोलणं पटलं. तरी गार झालेला चहा प्यायला तो खाली उतरला, तो बऱ्याच वेळाने.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने तो बदनापूरला गेला. इब्राहीमभाई अंगणात बसून बाजाच्या चाव्या पुसत होते.

"या, या कडूबा! आज इकडं कसे? पोराच्या गाण्यानं डेक जळला म्हणून खर्चा मागायला?"

"तुमच्याकडची कॅसेट ऐकायची व्हती, इब्राहीमभाई. एकदाच."

आतून अकबरबी, त्यांच्या बीबी, म्हणाल्या, "भाऊ, ती लावू नका. लावली की आमचे हे स्वतःचाच बाजा ऐकता ऐकता झोपून जातात. मंग चहा कुणी प्यायचा?"

लावली. कडूबाने डोळे मिटून दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. बाजा बोलत होता, थांबत होता. थांबला की नुसती शांतता. एकही पाऊल नाही.

"हे वाजवलं कुठं तुम्ही?"

"ह्याच खोलीत. खाली मातीची जमीन, चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या व्हत्या. का?"

"फरशी न्हाई?"

"फरशीला पैसा पाह्यजे," इब्राहीमभाई हसले. मग कडूबाच्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना वहिनींची?"

"तिची एकदम बरी आहे."

कडूबाने त्यांची कॅसेट मागून घेतली. आता चांगली कॅसेट हातात आहे, घरातली टाकून देऊ, असं ठरवून तो हलक्या मनाने परतला. दुपारी त्याने बदनापूरची कॅसेट लावली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून घोरणं येईना. अर्ध्या तासाने झुंबरबाई पडद्यातून डोकावली.

"ही ती न्हाई."

"तीच हाय. उलट जास्त साफ हाय."

"असंल साफ. पर हिच्यात कुणी न्हाई. रिकामं रिकामं वाटतंय." तिने जांभई द्यायचा प्रयत्न केला, तीही पूर्ण झाली नाही. "आपलीच लावा ना."

तीन दिवस त्याने तीच लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं दिसायला लागलं. चौथ्या दिवशी कडूबाने आपली लावली. तो पडद्याकडे वळेपर्यंत ती घोरायला लागली होती.

६

तिसरी कॅसेट संक्रांतीला तुटली. कडूबाने ती चिकटवली आणि चौथी भरली. हेडफोन लावले. बाजा बोलला. थांबला. कडूबाने श्वास रोखला.

काहीच नाही.

तो पूर्ण तास ऐकत राहिला. एकही पाऊल नव्हतं. फरशी नव्हती. बदनापूरच्या कॅसेटसारखी नितळ. त्याला इतका आनंद झाला की समोरच्या ओट्यावरच्या शेळीला त्याने शेंगदाणे खाऊ घातले. आणि मुख्य म्हणजे या कॅसेटवर झुंबरबाई झोपली. पहिल्यापेक्षा गाढ झोपली.

तिचं अंग भरलं. ती कडूबाशी फार गोड वागायला लागली. न मागता ताटात धपाटे. आंघोळीला जास्त पाणी. एकदा त्याच्या सदऱ्याचं बटण लावताना त्याच्याकडे बघून उगाच लाजली. एकावन्न वर्षांची बाई.

"काय झालंय तुला?" त्याने विचारलं.

"काही न्हाई."

"मंग हसतीस का?"

तिने दाराबाहेर कुणी नाही हे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगणार न्हाई. तुमची शपथ. लोक काय म्हणतील, बायकोचे पाय चेपतो म्हणतील. पर मला कळतं हो. झोपेत असले तरी कळतं. रोज येऊन बसता पायथ्याशी. किती हळू चेपता. ताप आल्ता तवापासून पोटऱ्या दुखून राह्यल्या व्हत्या, त्या बी थांबल्या."

कडूबाचा हात सदऱ्यावरच राहिला. दुपारी एक ते चार तो दुकानातून हलत नव्हता. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्या पायाला कधी हात लावला नव्हता. तीच त्याचे चेपायची.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"संक्रांतीपासून. मोजून ठेवलंय मी." ती पुन्हा लाजली. "उगाच आव आणू नका."

'मी न्हाई' हे दोन शब्द त्याच्या तोंडाशी आले. तिचा चेहरा इतका उजळला होता की तो नुसता "हं" म्हणाला.

७

त्या दिवशी त्याने कॅसेट फडताळाच्या मागे टाकली आणि तुटली म्हणून सांगितलं.  पहिले दोन दिवस झुंबरबाईने डबे घासले. तिसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं. पाचव्या दिवशी ती पाव किलो साखर आणायला गेली आणि तासभर आली नाही. कडूबा धावत बाहेर पडला. ती बोळीच्या तोंडाशी पुडी छातीशी धरून उभी होती, आणि आपलं दार कोणतं ते तिला आठवत नव्हतं.

"आलात का," ती म्हणाली. "बघा ना, सगळी दारं सारखीच लावून ठेवलीत ह्यांनी."

त्याने तिला हाताला धरून घरी आणलं. फडताळ ओढून कॅसेट काढली, फुंकर मारून पुसली आणि टेपात घातली. पायथ्याशी कोण येतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याने आपल्या परीने विचार केला होता. बाजेच्या पायथ्याला एकाच माणसाची जागा असते. ती आपण धरायची. आपण बसलो तर दुसरा कुठे बसणार? आणि इतकी वर्षं जे केलं नाही ते करायला आता लाजायचं कशाला?

तो पायथ्याशी बसला, तशी झुंबरबाई डोळा लागायच्या आतच हसली. "आज आधीच आलात?"

"झोप तू."

बाहेर ऊन होतं. बोळीत कुणीतरी कापडाचे तागे हातगाडीवर चढवत होतं. खोलीत इब्राहीमभाईंचा बाजा हळू हळू काहीतरी विचारत होता. कडूबाने तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा होत्या, करंगळीचं नख वाकडं होतं. हा पाय आपण कधी नीट पाहिलाच नाही, असं त्याच्या मनात आलं. तो चेपायला लागला. आधी अवघडून, मग बरा हात बसला. ती घोरायला लागली. कडूबाला बरं वाटलं. पायथ्याची जागा त्याने पूर्ण भरली होती. आता इथे मुंगी शिरायलाही वाव नव्हता.

बाजा थांबला.

बाजेचं सुंभ करकरलं. कडूबा हलला नव्हता. डावीकडचा काठ, जिथे बोटभर जागा उरली होती, तो सावकाश खाली गेला, आणि झुंबरबाईचा डावा पाय थोडासा उचलला गेला. त्या पायाच्या तळव्यावर अंगठ्याएवढा एक खळगा पडला. तिथली कातडी पांढरी झाली, पुन्हा लाल झाली. मग थोडं वर दुसरा खळगा. मग तिसरा. फार हळू. कडूबापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं ते काम.

 कडूबाचा हात थांबला नाही, थांबायला भीत होता. उजव्या पायावर तो आणि डाव्यावर ते, असं किती वेळ चाललं, त्याला सांगता आलं नसतं.

झुंबरबाई झोपेतच हसली.

"अहो, दोघांनी कशाला?" ती डोळे न उघडता म्हणाली. "एकानं चेपा, एकानं च्या ठेवा."

तळव्यावरचा खळगा भरून आला आणि पुन्हा पडला नाही. सुंभ करकरलं, काठ वर आला. फरशीवर अनवाणी पावलं, टाच आधी, मग तळवा, कडूबाच्या गुडघ्याजवळून स्वयंपाकघराकडे गेली. तिथे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मग काडी ओढली गेली.

कडूबाने तिचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. तो ऊबदार होता. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्याने पाठ केली आणि अंगठ्याने, जमेल तितकं हळू, चेपायला लागला. ओरडावंसं त्याला फार वाटत होतं, पण तिला आत्ता कुठे गाढ झोप लागली होती.